तुझ्या नावाची बरणी

प्रिय मैत्रेयी,

आवाज का बसलाय, असं तू फोनवर विचारलंस आणि मी सगळं नगरच्या हवेवर ढकललं. हवेला बिचारीला काय बोल लावायचा! आवाज घोषणा देऊन बसलाय. या वयात गेटपाशी उभं राहून मूठ उगारायला आधी लाज वाटायची, आता सवय होत चाललीय. तुझे बाबा असते तर पोट धरून हसले असते.

तुला अर्धंमुर्धं ठाऊक आहेच. आमच्या राष्ट्रीय माती प्रयोगशाळेची आता कंपनी होणार. माणसं तीच, कामं तीच, फक्त सरकारी पेन्शन जाणार. त्याऐवजी आमचे पैसे बाजारात गुंतवणार आणि म्हातारपणी जे हाती येईल ते आमचं. नवे संचालक आम्हाला ‘परिवार’ म्हणतात आणि परिवारानं भेट मागितली की मीटिंगला निघून जातात. संघटनेनं संमती दिली की त्यांची वाट मोकळी. आणि संघटनेची अध्यक्ष कोण, तर तुझी आई. दुसरं कुणी तयार होईना म्हणून मला घोड्यावर बसवलं.

सहादेवमामा आठवतात ना? लहानपणी जीपमध्ये तुला मांडीवर घेऊन बसायचे. मातीच्या नमुन्यांसाठी खड्डे खणून खणून त्यांची कंबर गेली. परवा गेटवर मला बाजूला घेऊन म्हणाले, “म्याडम, मला बाजारातलं काय कळत न्हाई. म्हातारपनी पोरांच्या तोंडाकडं बघायची येळ आनू नका, एवढंच.” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

प्रयोगशाळेच्या हॉलमधलं बरण्यांचं कपाट तुझं फार लाडकं. रुजू होताना आपल्या गावची माती काचेच्या बरणीत आणून ठेवायची आणि निवृत्त होताना घरी न्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. माझी श्रीगोंद्याची काळी माती, सहादेवमामांची कर्जतची मुरमाड. सातवीत असताना तू जाहीर करून टाकलं होतंस की तुझी बरणी माझ्या बरणीशेजारी बसणार. मी हसण्यावारी नेलं, पण तू खरंच मातीचाच अभ्यास केलास, एम.एस्सी. झालीस आणि पुण्यात खत कंपनीचे फोन घेत इथली जागा निघायची वाट बघत बसलीस. जागा काही निघत नव्हती.

काल संचालकांनी मला बोलावलं. चहा पाजला, मग हॉलमध्ये घेऊन गेले. कपाटात माझ्या बरणीशेजारी एक नवी, रिकामी बरणी होती. तिच्यावर तुझं नाव. जागा निघतेय, कायमची आहे, मुलगी हुशार आहे, आता फक्त माती आणायची राहिलीय, असं म्हणाले. आणि सहज आठवल्यासारखा संमतीचा विषय काढला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, माझा हात त्या बरणीकडे गेला. तुझ्या बाबांच्या मळ्यातली माती भरायची, इथवर मनात येऊन गेलं. बरणी उचलली तर मागे सहादेवमामांची बरणी होती.

मी नाही म्हणून आले, मैत्रेयी. तुझी नोकरी होती आणि तुला न विचारता नाही म्हणाले. विचारलं असतं तर तूही नाहीच म्हणाली असतीस, असं मी रात्रभर स्वतःला समजावतेय. खरं सांगू? तू ‘हो म्हण आई’ म्हणशील, याचीच मला भीती वाटली. मग मला नाही म्हणता आलं नसतं. उद्या गेटवरच्या सभेत मी हे सगळ्यांना सांगणार आहे. तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाऊ नये म्हणून आज लिहिलं. रागाव, फोन घेऊ नकोस वाटलं तर. ती बरणी मात्र मी घरी आणलीय, तुझं नाव त्यांच्या कपाटात ठेवून यायला जीव झाला नाही. धुऊन ओट्यावर पालथी घातलीय. नाव अजून पुसलेलं नाही.

तुझीच,
आई