वरचा दात

मुळगाव, सोमवार, ९ नोव्हेंबर १९८७

ती. दादास,
धाकट्या स्नेहाचा सा. न. वि. वि.

माझ्या सेजलचा खालचा दात आधी आला असे मी मागच्या पत्रात लिहिले, ते खोटे होते. आला तो वरचा. वरचा आधी आला की मामावर, म्हणजे तुझ्यावर, संकट येते. म्हणून सासूबाईंनी खालचा लिहायला लावले. घरी पाटीवर तू अक्षरे गिरवून घेतलीस, त्याच अक्षरांनी तुला फसवले.

पुढचे वाचून हादरशील. खालचा लवकर फुटावा म्हणून त्या रोज सकाळी देव्हाऱ्यातल्या पोर्तुगीज रुपयाच्या काठाने तिची हिरडी घासतात. आज दुपट्यावर रक्त दिसले. तुझ्याच जिवासाठी चाललेय, म्हणून मला विरोधात काही बोलवत नाही. काय करू?

खोटे लिहिले तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी स्नेहा

मोरजी, गुरुवार, १२ नोव्हेंबर

चि. सौ. स्नेहास,
तुला नि भाचीला अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ताच वाचले. तो रुपया आजच्या आज थांबव. आईला विचारले तर म्हणाली, स्नेहाचाही पहिला दात वरचाच होता. आपले बाबलीमामा सत्तर वर्षांचे झाले. अजून किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढतात आणि माझ्या ताटातला बांगडा पळवतात. विहीणबाईंना नमस्कार सांग. म्हणावे, मामा ठणठणीत आहे, नातीला जपा. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ फडके भिजवून हिरडी हलकेच पूस. दातांच्या डॉक्टरला दाखव.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
गौरेशदादा

मुळगाव, सोमवार, १६ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा तुझे पत्र सासूबाईंना वाचून दाखवले.  बाबलीमामांचे ऐकून त्यांनी रुपया देव्हाऱ्यात परत ठेवला. पण आज पुसताना फडक्याला पू लागला. हिरडी काळीनिळी आहे, अंग तापलेय. त्या म्हणतात, तान्ह्या पोरीला दातांच्या डॉक्टरकडे कोण नेते, गाव हसेल.

आणि पहिल्या पत्रात मी एक गोष्ट झाकली. घासताना तिचे दोन्ही हात मीच धरत होते, दादा. आता माझे बोट जवळ आले की ती तोंड मिटते.

रागावलास तरी लिहीत राहा.
तुझी स्नेहा

ता. क. सासूबाई आल्या तर त्यांच्यासह, नाही तर एकटी, पण सेजलला घेऊन पहिल्या बसने डिचोलीला दातांच्या डॉक्टरकडे जाणार: उद्या, मंगळवार, १७ नोव्हेंबर.