डोंगराचा टेलिफोन

बुधवार, १२ नोव्हेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, आणि त्याला जोडूनच एक तक्रार. नमस्कार तू नेहमीप्रमाणे गृहीत धरशील. तक्रार मात्र नीट वाच.

माझा चहाचा कप भ्रष्ट झाला आहे. निळ्या काठाचा, शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर उजवीकडे राहणारा, ज्याच्या वाटेला आजवर कुणी गेलं नव्हतं, तो. मागच्या पंधरवड्यात मधल्या सुट्टीत पाहतो तर त्यात ब्रश उभे, आणि पाण्याचा रंग असा की त्याला संस्कृतातही नाव नाही. आरोपी चित्रकलेच्या नव्या बाई. वय माझ्या निम्मं, पश्चात्ताप शून्य.

"सर, कप रिकामा होता," त्या म्हणाल्या.

"बाई, रिकामा असणं वेगळं आणि बेवारस असणं वेगळं."

"मग नाव घालून ठेवायचं ना त्यावर."

मी प्रकरण मुख्याध्यापिकांकडे नेलं. तिथे चुकलं. आमच्या मुख्याध्यापिका न्याय देत नाहीत, काम देतात. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिसरीच्या वर्गाला विज्ञान आणि चित्रकला यांचा जोडतास दोघांनी मिळून घ्यावा असं फर्मावलं. विषय, लोककथा. वादी आणि प्रतिवादी एका गाडीला जुंपले गेले, आणि कपाचं काय हे शेवटपर्यंत ठरलंच नाही.

वरच्या वर्गांत संस्कृत घेणारी मुलं संपल्यापासून मी तिसरीत असतो हे तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं धातू चालवले, आता बी का रुजतं आणि बर्फ का वितळतो ते सांगतो. खरं सांगायचं तर बर्फाचं बरं असतं. तो वितळतोच. भूतकाळाच्या लङ् लकाराबद्दल इतकी खात्री माझ्या वर्गात कुणालाच कधी वाटली नाही.

कथा बाईंनी आणली, त्यांच्या आजीकडची. फार पूर्वी डोंगर बोलत असे. इतकं बोले की पायथ्याच्या माणसांना झोप लागेना. ती वर गेली आणि हात जोडून म्हणाली, बाबा, पुरे. डोंगराला वाईट वाटलं. त्यानं आपली गर्जना नदीला देऊन टाकली, कुजबुज गवताला दिली, किंकाळी घारीला दिली. स्वतःकडे काही ठेवलं नाही. म्हणून आता त्याच्यासमोर ओरडलं तर तो आपलाच शेवटचा शब्द परत करतो, त्याच्याजवळ दुसरं काही नाहीच.

विज्ञान माझ्याकडे होतं. मी कागदी पेल्यांचा टेलिफोन ठरवला. पेल्याच्या बुडाला भोक, त्यातून दोरा, आतून काडीला गाठ, दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा पेला. दोरा ताणून धरला की आवाज त्यातून चालत जातो. पेल्यांना बाहेरून तपकिरी कागद आणि त्यावर पांढऱ्या रेघांनी कथेतला डोंगर. बाईंनी फळ्यावर काढून दाखवला, त्रिकोणाचा, आत रेघांची झाडं, रेघांची माणसं. मुलांनी आपापला काढला. एकाच्या डोंगराला मिशी होती.

"डोंगराला मिशी कशाला रे?"

"बोलतो ना तो, सर."

बाई हसून हसून खाली बसल्या. बाई वाईट नाहीत, एवढं आता मान्य करायला हवं.

खेळ असा ठरला होता. एकेका मुलानं दाराशी उभं राहून आपला पेला तोंडाला लावायचा आणि डोंगर झाल्यासारखं एक वाक्य हळू आवाजात बोलायचं. मी खिडकीशी दुसरा पेला कानाला लावून ऐकायचं आणि ते वाक्य फळ्यावर लिहायचं. म्हणजे कथाही झाली, विज्ञानही झालं, आणि शुद्धलेखन वर फुकट.

पहिला मुलगा बोलला. मला काही ऐकू आलं नाही. मी फळ्यावर लिहिलं, "डोंगर म्हणाला, मला थंडी वाजते."

"मी असं नाही म्हणालो," तो म्हणाला.

दोरा सैल आहे, असा मी निर्णय दिला. ताणला. पुढच्या मुलाचंही तेच झालं. मी दोरा ओला असल्याचं जाहीर केलं आणि दुसरा घेतला. मधे आणखी एका मुलीची पाळी झाली, तिचं सोड. मग पेले बदलले. या वर्गाला मी वर्षाच्या सुरुवातीपासून एकच गोष्ट घोटून शिकवली आहे: प्रयोग फसला तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. वर्गानं ते इतकं मनावर घेतलं असेल अशी मला कल्पना नव्हती.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे वकील म्हणतात. आवाज असा की घंटा बिघडली तर शाळेची अडचण होऊ नये. ती उठून समोर आली.

"सर, दोरा बदलला."

"बदलला."

"पेले बदलले. बोलणारे पण बदलले, सगळे वेगवेगळे होते."

"मग?"

"मग आता ऐकणारे बदलून बघू या का?"

ताई, पाठशाळेत आम्हाला डोंगरावरचा धूर आणि त्यावरून अग्नी, एवढ्यात गुरुजींनी अख्खं वर्ष काढलं होतं. अनुमानाच्या पाच पायऱ्या: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, आणि शेवटी निष्कर्ष म्हणजे निगमन. इथे आठ वर्षांच्या पोरीनं पाची पायऱ्या चढून निगमन माझ्या हातावर ठेवलं, आणि धूर माझ्याच डोक्यातून निघत होता.

बाईंनी पेला माझ्या हातातून घेतला, कानाला लावला. मिशीवाला दाराशी गेला, बोलला. बाईंनी जसंच्या तसं लिहिलं: "माझा आवाज ज्यानं घेतला, त्यानं परत करावा." वर्ग एकदम शांत झाला. निदान मला तरी तसं वाटलं.

सर्दी आहे, असं मी सांगितलं. मुलांनी मानलं. घरी तुझ्या भावजयीला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्या सर्दीला आता शाळेत घालायला हवं, इतकी मोठी झालीय." म्हणजे तिला ठाऊक होतं. टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यावरचे लोक ऐकतात, हेही तिनं त्याच ओघात सांगितलं.

आता तुझ्याशी थोडं. दर रविवारी तू फोन करतेस आणि मी अंघोळीला गेलेला असतो, एवढा स्वच्छ माणूस तुझ्या माहेरी दुसरा झाला नाही. पत्रलेखनाची कला लोप पावत आहे, आपण दोघांनी तरी ती जिवंत ठेवावी, असं मी तुला चार पानं भरून कळवलं होतं. त्या पानांतलं एकही अक्षर खरं नव्हतं. मला फोनवर तुझं बोलणं समजत नाही. समोरचा माणूस दिसला, ओठ दिसले, की पुष्कळसं भागतं. फोनवर मी अंदाजानं मधूनमधून "हो" म्हणत असे. तुझा जुना सोफा एका सकाळी टेंपोतून आमच्या दारात का उतरला, याचा उलगडा मला त्यातूनच झाला. सोफा चांगला आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

शनिवारी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी काचेच्या एका खोलीत बसवून कानांवर यंत्र चढवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे त्यांची मदतनीस बसली होती. तिचा हात हलला की मी बटण दाबायचो. बराच वेळ निकाल उत्तम लागत होता. मग डॉक्टर आत आले आणि म्हणाले, "सर, कॉपी करताय." माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्यानंतरच्या निकालाबद्दल न लिहिलेलं बरं. बारीक आणि वरच्या पट्टीतले आवाज गेले आहेत. म्हणजे नेमके मुलांचे. दोन्ही कानांत यंत्रं बसवायची आहेत, पुढच्या आठवड्यात मिळतील. नोकरीला धोका नाही, मुख्याध्यापिकांनी तसं स्पष्ट सांगितलं. मोठ्यानं सांगितलं.

तेव्हा काळजीचं कारण नाही. भाऊजींना नमस्कार. सोफ्याची एक स्प्रिंग वर आली आहे, ती आम्ही पाहुण्यांसाठी राखून ठेवली आहे.

गुरुवार

काल पत्र पाकिटात घालून वर पत्ताही लिहिला होता. आज सकाळी ते परत उघडलं. मधे आणखी एका मुलीची पाळी झाली, तिचं सोड, असं वर लिहिलं आहे. तू सोडणार नाहीस. निवृत्त होईपर्यंत तू मुलांच्या वॉर्डात नर्स होतीस, आणि न बोलणारी मुलं तू माझ्यापेक्षा फार पाहिली आहेत. म्हणून हे तुलाच लिहितो.

ही मुलगी यंदाच आमच्या शाळेत आली. बोलत नाही. हजेरीला हात वर करते. बेरजा बरोबर असतात, अक्षर सुरेख. मधल्या सुट्टीत भिंतीला पाठ लावून उभी राहते. आईला बोलावलं होतं. आई म्हणाली, घरीसुद्धा गप्पच असते, पहिल्यापासून असंच. आईला घाई होती.

त्या दिवशी पाळी आली तेव्हा ही येणार नाही असंच मला वाटलं होतं. ती आली. दाराशी उभी राहिली, पेला दोन्ही हातांनी तोंडाला लावला, आणि बोलायला लागली. बाकीच्यांनी एकेक वाक्य बोलून पेला खाली ठेवला होता. ही थांबेना. पेल्याच्या वर तिचे डोळे दिसत होते, ते माझ्याकडे लागलेले. ओठ पेल्यात. दोऱ्याच्या माझ्या टोकाला काहीही नव्हतं. बाई तेव्हा मागच्या बाकांवर कुणाचं तरी सांडलेलं पाणी पुसत होत्या. मुलं आपापल्या पेल्यांत गुंतली होती. कुणी ऐकलं नाही, मी नंतर सगळ्यांना विचारलं.

बऱ्याच वेळानं तिनं पेला खाली घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिली.

मी म्हणालो, "शाब्बास."

आणि फळ्यावर लिहिलं, "डोंगर म्हणाला, मला आता झोप येते आहे."

बाकीच्या मुलांनी माझ्याशी हुज्जत घातली होती, आम्ही असं म्हणालोच नाही म्हणून. हिनं फळा वाचला. पेला माझ्या टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली.

तास संपल्यावर मी तिच्या बाकाशी गेलो. वाकून, तिचा चेहरा नीट दिसेल असा बसलो. म्हणालो, "मघाशी तू सांगितलंस ते मला ऐकू आलं नाही. माझे कान बिघडलेत. काय सांगत होतीस?"

तिनं फळ्याकडे बोट केलं. ओठ हलले तेवढे मला कळले.

"तेच," ती म्हणाली.

हे सगळं मी मुख्याध्यापिकांच्या कानावर घातलं आहे. त्यांनी आईला पुन्हा बोलावलं आहे. बाई रोज चित्राच्या निमित्तानं तिच्याजवळ बसतात. ती चित्रं काढते, त्यांत डोंगर, झाडं आणि पक्षी असतात, आणि त्यावरून कुणालाही काहीही सांगता येणार नाही. कदाचित ती कथाच सांगत होती. मुलं कथा लांबवतात. बाई तसं म्हणतात, आणि त्यांचं बरोबर असू शकेल.

पण एवढे महिने जी एक शब्द बोलली नाही, ती नदी आणि घार यांच्यासाठी इतका वेळ बोलेल, हे मला पटत नाही. तिनं एक माणूस निवडला होता. तो मी निघालो.

पुढच्या आठवड्यात कानांत यंत्रं येतील. मग मी तिला परत विचारणार आहे. कसं विचारायचं ते तू कळव. आणि तिनं तेव्हाही "तेच" म्हटलं, तर त्यानंतर काय करायचं ते मला माहीत नाही.

उत्तर पत्रानंच पाठव. लवकर पाठव.

तुझा,
धाकटा