दोन्ही यादींतल्या दुर्गाबाई

६ जुलै २००९, अमरावती
राजापेठेतल्या नव्या ऑफिसात पहिला दिवस. खाली ट्यूशनच्या पोरींच्या स्कूट्यांचा गलका. चहा अकोल्याच्या तोडीचा नाही, पण चालेल. नवरा गेलेल्या वऱ्हाडातल्या शेतकरी बायांची संस्थेने पाहणी केली आहे. ती संगणकाला समजेल अशी मांडायचं माझं काम. विधवा कोण, वारस कोण, हयात कोण, अशा व्याख्यांच्या फाईलला ऑन्टॉलॉजी म्हणतात. बाहेरची तयार फाईल आयात करायची, पाहणीला जोडायची, मग तपासणी चालवायची. माहितीत विरोध असला की यंत्र अडतं. हे ऐकता ऐकता संस्थेचे प्रमुख रऊफ सरांनी दोनदा चहा मागवला. मग म्हणाले, उज्मा मॅडम, तुम्ही करा, मी सही करतो.

९ जुलै, गुरुवार
एकच विरोध निघाला. नांदगाव खंडेश्वरच्या दुर्गाबाई 'हयात' आणि 'मृत', दोन्हींत. पाहणीत हयात आहेत. फोन करायला हवा होता. पण चार वाजता काम दाखवायचं होतं. मी 'हयात' खोडलं. तपासणी पास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

१३ जुलै
मन खात होतं, म्हणून फोन केला. दुर्गाबाईंची मुलगी दीक्षा बोलली. माय गुरुवारी चार वाजता गेली. "कायीच झालं नव्हतं तिले, ताई. भाकर थापून राहिली होती."
आयात केलेली फाईल उघडली. तिच्यात नुसत्या व्याख्या. माणसाचं एकही नाव नाही. मग 'मृत' आलं कुठून?

१६ जुलै
आता धारणीच्या पार्बताबाई. यावेळी 'मृत' खोडलं. परत आलं. आयात काढून टाकली. तरी आलं. मग दोन्ही तसंच ठेवलं, काहीच खोडलं नाही. वाटलं, वाचवलं.

१८ जुलै
पाहणी करणाऱ्या श्रावणचा धारणीहून फोन. रडत होता. पार्बताबाई चालते, बोलते, पण अंग गार, नाडी लागत नाही. "लेकरं जवळ जात नाहीत, मॅडम. ते हाका मारून राहिली त्याईले."
दुपारभर बसून राहिले. मग 'हयात' खोडलं. श्रावणचा पुन्हा फोन आला. मी उचलला नाही.

२० जुलै
यंत्र पुन्हा अडलं. आबेदा शेख, अकोला.
माझी अम्मी. अब्बा गेल्यावर पाहणीचा फॉर्म मीच भरला होता. मीच —

२१ जुलै, अकोला
पहिल्या गाडीने आले. अम्मी हसली. शेवया करू का, विचारलं. हात धरला — गार.
शेजारची तहरीम रोज तिच्या कडेवर बसते. आज किंचाळून पळाली. अम्मी दाराकडे बघत राहिली.
सगळं सांगितलं तिला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बेटा, मुझे ऐसे मत रख."
लॅपटॉप मांडीवर. अम्मी मागे बसून माझे केस विंचरते आहे. म्हटलं, एक वेणी होऊ दे — एवढी एक — मग मी