बाजारच्या दिवशीची राखण

५ जानेवारी ९९, द्वारका चौक
शेठच्या बांबूच्या वखारीत रघू ड्रायव्हरशी जुंपली. तो बोलला, "पळपुट्या, गावात बाया रान राखतात अन् तू इथं भुसा खातो." मी त्याचं थोबाड फोडलं. त्यानं पहार मारली, माझा कान फाटला. सांजच्याला एकाच ताटात जेवलो. वखारीत असंच.
जेवताना लय बोललो. आमच्या रानात चार वर्सं कुऱ्हाडबंदी. बांबू जून झाला तेवढाच काढायचा. गेरूची खूण असंल त्याला हात नाय. यंदा गाव सोता वणीच्या टमाट्यावाल्यांना टेकूच्या काठ्या देणार, आमच्या शेठला नाय. पाळीनं राखण, घरटी एक माणूस.
रघू बोलला, "बाजारच्या दिवशी कोण रं?"
"सगळे बाजारात. गुरवारी एकटा माझा बा."
हसले. मीपण.

८ जाने.
काल रघू न् चौघं कुठं गेले, नाय सांगितलं. सकाळी ट्रक आला. कोवळा बांबू, बुडापासनं. बुडाला गेरू. आमचाच.
ट्रकच्या फळीला रक्त. रघू म्हणे, "म्हातारा बांबूच्या बेटाला मिठी मारून बसला. काय करणार?"
पहार हातात आली. त्याच्या मनगटावर दोनदा. हाड वाजलं. बाकीच्यांनी मला भुशात तुडवला. दोन दात गेले. शेठ पोलीस बोलवतो म्हणाला. सुरगाण्याची यष्टी धरली.

९ जाने., घरी
बाचे दोन्ही हात मोडले. कामट्या बांधल्यात. आई घास भरवते.
बा बोलला, "दात कुठं सांडले रं?"
"पडलो."
"मीपण," म्हणाला. हसला. मग कण्हला.

११ जाने.
गावाची बैठक. पोरं वखार पेटवू म्हणतात, रॉकेल आणलंय. कारभारी बोलला, "पोलीस आपल्याच दारात येतील. राहिला तो माल शनवारी वणीला गेला पायजे, शब्द दिलाय. पण आधी सांगा, गुरवारी म्हातारा एकटा असतो हे बाहेर कोणी नेलं?"
नियम हाय. फितूर घराला बांबूत वाटा नाय, राखणीत पाळी नाय.
गावातला भिवा मागं एकदा शेठच्या ट्रकवर बसून आला होता. त्यालाच ओढला. कानाखाली, मग लाथा. "नाय रं, नाय सांगितलं," ओरडत होता. बायको मधी पडली, तिलापण लागलं.
एक लाथ मी मारली. बरगडीत. जोरात.

१२ जाने.
भिवाचं घर बाहेर काढलं. बा बोलला, "भिवा तसा नाय." माझ्याकडं बघत होता का, नाय कळलं.

१४ जाने., रानात
गुरवार. बाच्या जागी मी. भिवा आला, कोयता घेऊन. डोळा अजून सुजलेला. "वाटा नाय तर नियम कशाचा? तू राखण्या ना, अडव."
अडवला नाय. वर टेकाडावर येऊन बसलोय. खाली तोडतोय, सरळ कोवळा. घाव ऐकू येतायत. थांबतच नाय. ओरडलो तर आज बाजार सोडून वाडीवर थांबलेली पोरं येतील, आज जिता सोडणार नाय त्याला.
काठी इथंच ठेवतो. खाली जातो. सांगतो त्याला, मीच बोललो म्हणून. कोयता त्याच्या हातात हाय