वरून मोजलेले थर

प्रिय चष्मिस,

नोकरी गेल्यापासून तू मला एक ओळही लिहिली नाहीस, म्हणून मीच लिहितेय. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. तू चष्म्याच्या दुकानात छान रमलायस असं ती शेजारणीला सांगते, आणि मी तेवढ्यात चहा ठेवायला उठते.

कामाचं म्हणशील तर आपलं ते भिंग अखेर जमलं. दोन प्लास्टिकं वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून केलेले तीनशे पापुद्रे, क्रमाने रचून, गरम दाबाखाली वाटीसारखे वाकवून एकजीव केलेले, म्हणजे मागाहून उलटवून चालत नाही. प्रत्येक थरात प्रकाश आधीच्या थराहून किंचित जास्त वाकतो, त्यामुळे तीन भिंगांचं काम ते एकटं करतं. तपासणीच्या तक्त्यावर कडेची बारीक अक्षरंही स्वच्छ दिसली. साहेब चक्क हसले. तू हवा होतास असं मला फार वाटलं.

तीन वर्षांपूर्वी बिघडलेला गठ्ठा माझ्या कपाटात आहे. सगळे थर उलटे. चार महिन्यांचा माल वाया गेला. चौकशीत तू एवढंच म्हणालास, "यादीत होतं तसंच रचलं मी." यादी उघडली, तर तिच्यात क्रम बरोबर निघाला. तुझ्यावर वेंधळेपणाचा शिक्का बसला. मी तुझ्या शेजारच्याच खुर्चीत होते आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पुढे तूही म्हणायला लागलास की आपलंच लक्ष नसणार.

यादी मी केली होती. आराखड्यात मी थर वरून मोजते, दाबयंत्रावर तुम्ही खालून. यादी देताना आकडे उलटवायचे असतात, ते त्या दिवशी राहिलं. गठ्ठा बिघडल्याचं कळलं त्या दुपारी, चौकशीच्या आधी, मी ती गुपचूप दुरुस्त केली. आज सकाळी हे सगळं साहेबांना लिहून दिलं, राजीनाम्यासकट. आईलाही सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबरच आहे. मला माझी लाज वाटते. पण माफी मिळावी म्हणून हे पत्र नाही. तू प्रत्येक चष्मा तीन-तीनदा तपासतोस आणि मालक वैतागतो, असं कानावर आलं. एकदाच तपासत जा. तुझा हात कधीच चुकला नव्हता.

तुझीच,
ताई