सायलेन्सरवरची पिवळी टेप

२७ सप्टेंबर, शनिवार

रायफलीला सायलेन्सर बसला एकदाचा. कुहमोच्या बंदुकवाल्याने नळीच्या तोंडाला आटे पाडले, पण रायफल हातात घेताना असं नाक मुरडलं, जणू मी ती गटारातून काढून आणलीय. "दुकानातली सगळ्यात स्वस्त हीच होती ना?" म्हणे. होती. मग? चांगली रायफल दिराने नेली. नवऱ्याला, ऑलावीला, पुरून महिना झाला नव्हता, आणि एन्सिओ दारात — "वहिनी, भावाची आठवण म्हणून मला द्या." दिली. तेव्हा मला कशाचं भान नव्हतं. त्याला बरोबर होतं.

आता आमच्या टोळीचा नवा नियम — सायलेन्सरशिवाय शिकारीला यायचं नाही, कुत्र्यांचे कान जातात. एन्सिओनेही तिथूनच घेतला, ऑलावीच्या रायफलीसाठी. दोन्ही काळे, दोन्हींचे आटे एकाच मापाचे. "भोक तेवढं वेगळं," बंदुकवाला म्हणाला. "तुझी गोळी जाड, एन्सिओची बारीक. अदलाबदल करू नका." मी काय कुक्कुलं बाळ आहे? घरी येऊन पिवळी टेप गुंडाळली, वर नाव घातलं. तैमी.

खडीच्या खाणीत जाऊन कागदावर पाच गोळ्या मारल्या. चार एका बशीत मावतील अशा लागल्या. त्या रडक्या रायफलीचं पहिल्यांदा कौतुक वाटलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

मोसमाचा पहिला दिवस आणि सकाळपासून गारठवणारा पाऊस. एकही मूस हरीण दिसलं नाही. संध्याकाळी टोळीच्या झोपडीत नऊ माणसं, ओले मोजे, ओली कुत्री, त्यात एन्सिओ शेकोटीकडे पाय पसरून. शी.

"वहिनी, तुमचा सॉसेज करपतोय."

"करपू दे. तुझ्या पायांपेक्षा बरा वास येतो."

सगळे हसले, तोही हसला. त्याला काही लागतच नाही, हेच डोक्यात जातं.

सायलेन्सर आत ओले झाले की गंजतात, म्हणून सगळ्यांनी काढून सॉनात, झोपडीच्या गरम वाफेच्या न्हाणीघरात, वरच्या फळीवर वाळत ठेवले. रात्री तिथेच.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी बघते तर सॉनाच्या उष्णतेने टेपचा डिंक सुटलेला. टेप फळीवर पडलेली, शेजारच्या सायलेन्सरला चिकटून, म्हणजे तोच माझा. परत गुंडाळली, घट्ट.

दहाच्या सुमारास माझ्यासमोर मादी आणि तिचं पाडस आलं. पाडस आधी, आई कधीच नाही — हे आमच्याकडे लहान पोराला पण कळतं. पाडस पुढे, मादी चाळीस पावलं मागे, एका बाजूला. सत्तर पावलांवरून पाडसावर गोळी झाडली. हुकली! दोघं झाडीत पसार. वॉकीटॉकीवर सांगून टाकलं, "हुकलं."

वाल्फ्रिद कुत्रा घेऊन आला. टोळीचा म्होरक्या तो, त्याने बघितल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. पाडस उभं होतं तिथे वाकून वाकून बघितलं. रक्त नाही, केस नाही. "होतं असं," म्हणाला. त्याने शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

जेवताना दोघं-तिघं म्हणत होते, दोन आवाज ऐकले. सायलेन्सर आल्यापासून हे असंच. फट् ऐकू येतं, पण कुठून, किती ते कळत नाही. माझ्या शेजारच्या जागेवर एन्सिओ होता. "मी उडवलीच नाही," म्हणाला आणि सूप ओरपत बसला.

१५ ऑक्टोबर, बुधवार



डोमकावळ्यांच्या घिरट्या बघून वाल्फ्रिद दलदलीत गेला, मागून आम्ही. तीच मादी. पोटात गोळी. तीन दिवस कुठे कुठे फरफटली असेल देव जाणे. फुगली होती, डोळे नव्हते, वासाने कुत्रीसुद्धा मागे सरली. आणि पाडस तिथेच उभं, हाकललं तरी जाईना. आईशिवाय त्याचा हिवाळा निघत नाही. वाल्फ्रिदने त्यालाही मारलं. एवढं मांस, आणि कावळ्यांना.

झोपडीत वाल्फ्रिदने विचारलं, "कुणी?"  मीच एन्सिओकडे बोट दाखवलं.

"याने. रविवारचा दुसरा आवाज याचाच."

एन्सिओ शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुम्ही पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं? मेलेल्या भावाच्या घरातून रायफल उचलणारा माणूस तू. आईच्या पोटात गोळी घालून गप्प बसायला तुला काय लागतं!"

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्याकडेही नाही. वाल्फ्रिद त्याला म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

एन्सिओने आपला कॉफीचा कप धुतला आणि भिंतीवरच्या आपल्या खिळ्याला अडकवला. तीस वर्षं त्याचा कप तिथे असतो. मग परत काढला, खिशात घातला, कुत्र्याला हाक मारली आणि गेला. माफी नाही, काही नाही. असल्या माणसाच्या भावाशी मी संसार केला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

त्याचा खिळा रिकामा. माझ्या समोर काही आलं नाही. बरं झालं गेला ते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बंदुकवाल्याचा फोन. एन्सिओ ऑलावीची रायफल त्याच्याकडे ठेवून गेलाय. विकायची नाही, वहिनींच्या नावावर करायची म्हणाला. "पण तैमी, हिच्यावर तुझा सायलेन्सर कसा? हा जाड गोळीचा आहे."

माझ्याकडच्या सायलेन्सरची टेप सोलली. खाली कोरलेला आकडा बारीक गोळीचा. भोकाच्या कडेला आतून ताजा, चकचकीत ओरखडा, माझी जाड गोळी घासून तिरकी गेली तिथे.

वाल्फ्रिदला फोन केला. माझा कप खिळ्यावरून काढून ठेव म्हटलं.