आणखी एक ताव

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सकाळी कारखाना उघडायच्या आधी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, गेलो. भगवंतापुढं मागायचं नसतं, हे लहानपणापासून शिकलेलो. तरी आज मागितलं — एक फिल्म तरी चालू दे! बाहेर आल्यावर लाज वाटली.

काम सांगायला सोपं. पारदर्शक प्लास्टिकच्या फिल्मवर चांदीच्या शाईची जाळी छापायची, डोळ्याला दिसू नये इतकी बारीक. मग लेसरनं फक्त शाई तापवायची, खालचं प्लास्टिक थंड ठेवायचं. तरच जाळीतून वीज वाहते. आमची शाई एक तर कच्ची राहते, नाही तर फिल्मच सुरकुतते. लेसर पुण्याच्या कंपनीचा. जमलं नाही तर महिनाअखेर परत नेणार. मग पन्नाशीला पुन्हा स्टिकर छापायचे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

परत सुरकुत्या.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

वीज वाहिली! कच्ची फिल्म मशीनवर होती. मदतनीस गुंडूला दारातूनच ओरडलो, "आणखी एक ताव दे!" आणि चहाला गेलो. येऊन मीटर लावला, तर काटा थेट पलीकडं! पुण्याला लगेच कळवलं — दुसऱ्या तावानं जमलं. ते म्हणाले, मशीन राहू दे तुमच्याकडंच. घरी बायकोनं, अरुणानं, शिरा केला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दुसरा ताव दिला की प्रत्येक फिल्म जळते. का? गुरुवारी कसं जमलं मग?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कळलं. तुलनेसाठी पुण्याच्या कंपनीनं दिलेली तयार, वीज वाहणारी फिल्म कपाटात दिसेना. गुंडूला विचारलं.

"तीच की लावलेली, मालक! तुम्हीच म्हटलासा न्हवं, आणखी एक ताव दे म्हणून? कपाटात तेवढाच हुता."

माझ्या वडिलांचं हुपरीत चांदीकाम. आमच्यात ताव म्हणजे आच. गुंडूची हयात लग्नपत्रिकांच्या छापखान्यात गेली. त्याचा ताव कागदाचा! त्याला काय बोलणार?

म्हणजे आमच्या एकाही फिल्ममधून वीज कधी वाहिलीच नाही.

अरुणा म्हणाली, "कुणाला कळतंय? गप बसा की. तोवर जमंल."

जमणार नाही. मला माहीत आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

बस्तीत गेलो. हात जोडवेनात.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पुण्याला फोन केला. वीज वाहिली ती फिल्म तुमचीच होती, असं सांगितलं. पलीकडचे साहेब म्हणाले, लेसर न्यायला उद्या गाडी येईल.